चौदाव्या महिन्यातली नोटीस: दिवाळखोरीच्या वकिलावर नाराज असलेल्या एका अशिलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेत दिवाळखोरीच्या केसेस चालवणाऱ्या एका वकीलबाईंकडे मी बरीच वर्षं पॅरालीगल, म्हणजे वकिलाच्या हाताखाली कागदपत्रांचं काम पाहणारी कर्मचारी, म्हणून काम करते. हे प्रकरण आमच्या ऑफिसात सुरू झालं नाही, दुसऱ्या वकिलाकडून अर्ध्या वाटेत आमच्याकडे आलं. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील आणि रकमा बदलल्या आहेत. ज्या बाई आल्या त्यांना मी पहिल्या दिवसापासून काकू म्हणत आले, तेव्हा इथेही त्या काकूच.

काकूंची नोकरी पक्की होती. काकांचा छोटा धंदा होता, तो बसला. तो सावरायला क्रेडिट कार्डं वापरली, मग कार्डांचे हप्ते भरता भरता मॉर्गेजचे, म्हणजे घरकर्जाचे, हप्ते चुकले. थकबाकी १८,००० डॉलरवर गेली आणि घराच्या लिलावाची तारीख लागली. तारखेला चार दिवस उरले असताना दोघं एका वकिलाकडे गेले. केस दाखल करण्याआधी करावं लागणारं क्रेडिट काउन्सेलिंग (कर्जाबद्दलचं सल्लासत्र) त्यांनी त्याच रात्री ऑनलाइन उरकलं आणि दुसऱ्या दिवशी चॅप्टर १३ची, म्हणजे दिवाळखोरी कायद्याच्या तेराव्या प्रकरणाखालची, केस दाखल झाली. केस दाखल होताक्षणी या कायद्याच्या कलम ३६२ प्रमाणे वसुलीला स्थगिती मिळते. लिलाव थांबला.

चॅप्टर ७ मध्ये बहुतेक केसेस चार-पाच महिन्यांत आटपतात आणि कार्डांसारखी विनातारण कर्जं माफ होतात, पण घराची थकबाकी फेडायला वेळ मिळत नाही. चॅप्टर १३ मध्ये तीन ते पाच वर्षांची योजना कोर्टाकडून मंजूर करून घ्यायची, दरमहा ट्रस्टीकडे (केसवर देखरेखीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) हप्ता भरायचा, आणि त्यातून जुनी थकबाकी हळूहळू फेडायची. घर वाचवायचं तर काकूंना हाच रस्ता होता. त्यांची योजना ६० महिन्यांची होती, हप्ता ७४० डॉलर. चालू मॉर्गेज त्याच्याबाहेर वेगळं भरायचं होतं. पाचव्या महिन्यात योजना मंजूर झाली.

इथपर्यंत त्या वकिलाने काम नीट केलं होतं. चार दिवसांत कागद गोळा करून लिलाव थांबवणं सोपं नसतं. काकूंच्या रागाच्या भरात हे विसरलं जात होतं, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला माझ्याही मनातून ते निसटलं.

अडचण

अकराव्या महिन्यात काकांच्या नव्या नोकरीतले तास कमी झाले. ७४० डॉलर जड जाऊ लागले. काकूंनी वकिलाच्या ऑफिसात फोन केला आणि हप्ता कमी करता येईल का, असं विचारलं. त्यानंतर काय झालं ते त्यांनी एका रेघांच्या वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही त्यांनी आमच्या टेबलावर उघडून ठेवली. डाव्या बाजूला तारीख, पुढे वेळ, त्यापुढे फोन कोणी उचलला आणि शेवटी उत्तर. सतरा नोंदी होत्या. त्यातल्या नऊ नोंदींपुढे एकच वाक्य होतं: “सांगते म्हणाली.” शेवटच्या चार-पाच ओळींत तेही पूर्ण लिहिलेलं नव्हतं, नुसत्या वरच्यासारख्या खुणा होत्या.

वकिलांशी त्यांचं स्वतःचं बोलणं फक्त पहिल्या दिवशी झालं होतं. ‘३४१ मीटिंग’ म्हणजे ट्रस्टी शपथेवर प्रश्न विचारतो ती बैठक. ती व्हिडिओवर झाली, तेव्हा त्याच ऑफिसातले एक तरुण वकील हजर होते. काकूंनी त्यांना आधी कधी पाहिलंही नव्हतं.

दोन हप्ते चुकले. चौदाव्या महिन्यात ट्रस्टीने केस रद्द करण्याचा अर्ज कोर्टात दिला आणि त्याची नोटीस पोस्टाने घरी आली. केस रद्द झाली की स्थगिती उठते. म्हणजे लिलाव पुन्हा उंबरठ्यावर.

काकू आमच्याकडे आल्या तेव्हा पहिलं वाक्य हे होतं: “ताई, केसचं काय व्हायचं ते होऊ दे, मला त्या माणसाला सोडायचं नाहीये. त्याची तक्रार कुठे करायची ते सांगा.” काका शेजारी गप्प बसले होते. नोटीस त्यांच्या हातात होती, घडी घालून घालून मऊ पडलेली.

आमच्या वकीलबाईंनी वही बाजूला सरकवली आणि नोटीस मागितली. त्यांनी एकच विचारलं, “उत्तर द्यायची शेवटची तारीख कोणती?” नऊ दिवस उरले होते.

माझ्या मते या प्रकरणातला पहिला आणि सगळ्यात मोठा निर्णय तिथे झाला. तक्रार दोन महिन्यांनीही करता येते. त्या अर्जाला उत्तर मात्र नऊ दिवसांतच द्यायला हवं होतं. काकूंना हे पटायला अर्धा तास गेला आणि तो अर्धा तास वाया गेला असं मी म्हणणार नाही. तीन महिने कोणी ऐकून घेतलं नाही, त्या माणसाला “आधी तारीख बघू” एवढं सांगून भागत नाही. वकीलबाईंनी वहीतल्या नोंदी एकेक वाचल्या आणि मगच तारखेवर परत आल्या.

कागद काय सांगत होते

आम्ही तीन गोष्टी वाचायला घेतल्या: वकिलाशी झालेला करार, फीबद्दल त्यांनी कोर्टात दिलेलं निवेदन आणि केसचं डॉकेट.

करार काकूंनी फोनवर ई-सहीने केला होता, लिलावाच्या धास्तीत, मजकूर न वाचता. कलम ५२८ प्रमाणे असा लेखी करार काम सुरू झाल्यापासून पाच कामकाजी दिवसांत आणि केस दाखल व्हायच्या आधी करावाच लागतो. तो झालेला होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की ठरलेली फी योजना मंजूर होईपर्यंतच्या कामाची आहे. नंतर योजनेत बदल करायचा किंवा केस रद्द करण्याच्या अर्जाला उत्तर द्यायचं, तर वेगळी फी. काकूंची समजूत होती की एकदा फी ठरली की पाच वर्षं सगळं त्यात आलं. ही समजूत कोणी दूर केली नव्हती. कागदावर उत्तर होतं, तोंडी कोणी सांगितलं नव्हतं.

वकिलाने किती फी घेतली आणि किती ठरली, हे त्याला कलम ३२९ आणि दिवाळखोरीच्या नियमांतल्या २०१६ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे केस दाखल झाल्यापासून १४ दिवसांत कोर्टाला कळवावं लागतं. तेही दिलेलं होतं, आकडे जुळत होते. काकूंचा संशय होता की आपल्याकडून जास्त पैसे उकळले. तो संशय तिथेच मिटला.

डॉकेट म्हणजे केसमध्ये काय काय दाखल झालं त्याची यादी. ती पेसर या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. पानाला दहा सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त तीन डॉलर, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरपर्यंत असेल तर काहीच द्यावं लागत नाही. काकूंना हे माहीतच नव्हतं. आपल्याच केसचे कागद आपल्याला घरबसल्या वाचता येतात, हे कळल्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

त्या “सांगते म्हणाली” बद्दल मला आतून ठाऊक असलेली एक गोष्ट सांगते. पॅरालीगलला कायदेशीर सल्ला देता येत नाही. हप्ता कमी होईल का, दोन हप्ते चुकले तर काय होईल, या प्रश्नांचं उत्तर द्यायला मला मनाई आहे, मला उत्तर येत असलं तरी. मी फक्त निरोप पोचवू शकते. ज्या ऑफिसात वकील फोनवर येतच नाहीत आणि सगळे फोन पॅरालीगलकडे जातात, तिथे अशिलाच्या नेमक्या महत्त्वाच्या प्रश्नांना उत्तर द्यायला कोणीच नसतं. फोन उचलणारी मुलगी उद्धट नव्हती, आळशीही नव्हती. तिच्याकडे उत्तर द्यायचा अधिकारच नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता त्यांच्यापर्यंत निरोप पोचत नव्हते. अशिलाला वाजवी वेळेत कळवणं, त्याच्या विचारणेला उत्तर देणं हे वकिलाचं व्यावसायिक कर्तव्य आहे. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या नमुना नियमांत ते १.४ या क्रमांकाखाली येतं आणि राज्यांनी आपापल्या नियमांत ते घेतलेलं आहे. काकूंची तक्रार इथे शंभर टक्के खरी होती.

समोरचे पर्याय

वकीलबाईंनी कागदावर रेघा मारून पर्याय मांडले.

केस सोडून द्यायची आणि नव्या वकिलाकडून नव्याने दाखल करायची, ही काकूंची पहिली इच्छा. ऐकायला सुटसुटीत वाटतं, पण यातच सगळ्यात मोठा धोका होता. आधीची केस रद्द झाल्यावर वर्षाच्या आत दुसरी दाखल केली, तर स्थगिती ३० दिवसांपुरतीच मिळते. ती पुढे चालू ठेवायची तर त्या ३० दिवसांत सुनावणी होऊन, दुसरी केस प्रामाणिक हेतूने केली आहे हे कोर्टाला पटवावं लागतं. शिवाय पुन्हा ३१३ डॉलर दाखल फी, पुन्हा वकिलाची फी. नुसत्या रागापायी घर पणाला लावण्यासारखं होतं ते.

चॅप्टर ७ मध्ये बदल करून घ्यायचा, हा हक्क कर्जदाराला आहे. कार्डांचं कर्ज गेलं असतं, पण मॉर्गेजची उरलेली थकबाकी एकरकमी समोर आली असती. काकांना हे लगेच उमगलं. संपूर्ण बैठकीत त्यांनी उच्चारलेलं पहिलं वाक्य होतं, “म्हणजे घर जाणार.”

वकिलाशिवाय स्वतः उभं राहायचं. कायद्याने मनाई नाही. पण नऊ दिवसांत उत्तर, त्यामागे योजनेतल्या बदलाचा अर्ज, सोबत उत्पन्न-खर्चाची नवी परिशिष्टं, हे सगळं एकट्याने जमवणं काकूंनाही नको होतं.

ताबडतोब आमच्याकडे वकीलपत्र द्यायचं. मला वाटलं होतं हेच होणार. वकीलबाईंनी थांबवलं. जुन्या वकिलाला सोडून नवा घ्यायचा तर कोर्टात अर्ज, नव्याची फीही कोर्टाच्या मंजुरीने. शिवाय कोर्टाच्या नोंदीवर अजून त्या वकिलांचंच नाव होतं. कोर्ट मोकळं करत नाही तोवर जबाबदारी त्यांची. त्यांना फाइल माहीत आहे, उत्तर त्यांनीच द्यायला हवं. त्यांना एक ठरावीक मुदत द्यायची, ती चुकली तर दुसऱ्याच दिवशी आम्ही उभं राहायचं.

मला तेव्हा हे पटलं नव्हतं. ज्याने तीन महिने उत्तर दिलं नाही, त्याला आणखी दोन दिवस कशाला द्यायचे? आज वाटतं, निर्णय बरोबर होता, पण तो बरोबर ठरला याचं कारण ती मुदत पाळली गेली नसती तर आमचे कागद तयार होते. नुसती मुदत देऊन वाट पाहत बसलो असतो तर तोच निर्णय भयंकर ठरला असता.

काय केलं

काकूंनी घरून पत्राचा मसुदा लिहून आणला. चार पानं. पहिल्या पानावर फसवणूक, दुसऱ्यावर काकांच्या तब्येतीवर झालेला परिणाम, तिसऱ्यावर बारकडे, म्हणजे वकिलांच्या संघटनेकडे, तक्रार करण्याची धमकी. नोटिशीचा उल्लेख चौथ्या पानाच्या तळाशी होता. वकीलबाई म्हणाल्या, “हे जपून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. आज मात्र एक पान.”

त्या एका पानात तीन प्रश्न होते. केस रद्द करण्याच्या अर्जाला तुम्ही अमुक तारखेच्या आत उत्तर देणार आहात का? सोबत जोडलेल्या नव्या पगारपावत्यांवरून कलम १३२९ खाली योजनेत बदल मागणार आहात का? नसाल, तर गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवाल का, म्हणजे आम्हाला दुसरी सोय करता येईल? पत्र ईमेलनेही गेलं आणि पोचपावतीच्या टपालानेही.

बुधवारी संध्याकाळी वकिलांचा स्वतःचा फोन आला. काकूंच्या आधीच्या ईमेल ज्या पॅरालीगलच्या पत्त्यावर जात होत्या, ती नोकरी सोडून गेली होती आणि तिची मेलबॉक्स कोणी उघडत नव्हतं. फोनवरचे निरोप त्याच मेलबॉक्समध्ये टाकले जात होते. कारण इतकं साधं होतं. काकूंनी वहीत अठरावी नोंद केली: “स्वतः बोलले. माफी नाही मागितली.”

उत्तर मुदतीच्या दोन दिवस आधी दाखल झालं. सुनावणीच्या वेळी ट्रस्टीने महिनाभर थांबायची तयारी दाखवली. तेवढ्यात बदललेली योजना आली. चुकलेले दोन हप्ते उरलेल्या महिन्यांवर वाटले, विनातारण कर्जदात्यांचा वाटा कमी केला, नवा हप्ता ६५५ डॉलर. कोर्टाने ती मंजूर केली आणि ट्रस्टीने आपला अर्ज मागे घेतला. बदलाच्या कामाची वेगळी फी वकिलांनी लावली नाही. करारात ती होती, तरी.

यानंतर जे सापडलं त्याने मी हादरले. वकीलपत्र बदलायची तयारी म्हणून मी काकूंचा सुरुवातीचा माहितीचा फॉर्म आणि कोर्टात दिलेली विनातारण कर्जांची यादी शेजारी ठेवून ताडून पाहत होते. फॉर्मवर काकूंच्या अक्षरात, समासात तिरकं लिहिलेलं एक हॉस्पिटलचं बिल होतं, २,३०० डॉलरचं. कोर्टातल्या यादीत ते नव्हतं. दावे दाखल करायची मुदत, बहुतेक धनकोंसाठी केस दाखल झाल्यापासून ७० दिवस, केव्हाच संपली होती. ज्याला वेळेत कळवलंच गेलं नाही, त्याचं कर्ज चॅप्टर १३च्या शेवटी माफीतून निसटू शकतं.

सतरा फोनांची तक्रार मोठ्या आवाजात होती, आणि पैशांचं खरं नुकसान करू शकणारी चूक या समासात गप्प बसली होती. ती चूक वकिलाच्या ऑफिसची. पण यादीखाली, मजकूर खरा आणि बरोबर आहे असं शपथेवर सांगणारी सही काकूंची होती, आणि तीही फोनवर न वाचता केलेली.

निष्पत्ती

आता काकूंच्या तक्रारीला वजन आलं होतं. बारच्या शिस्तपालन विभागाकडे जाता येत होतं, पण तिथे वकिलावर कारवाई होते, अशिलाचे पैसे त्यातून सहसा सुटत नाहीत. फी जास्त वाटली तर कलम ३२९ खाली कोर्ट ती कमी करू शकतं. बार असोसिएशनतर्फे फीच्या वादात लवादाचीही सोय होती. निष्काळजीपणाचा दावा लावायचा तर तो खर्चिक, आणि नुकसान अजून प्रत्यक्ष झालेलंही नव्हतं.

काकूंनी फीच्या वादाचा अर्ज भरला आणि पाठवण्याआधी त्याची प्रत वकिलांना दिली. आठवड्याभरात त्यांनी मान्य केलं: यादी दुरुस्त करून हॉस्पिटलला कळवायचं काम आणि त्याची कोर्ट फी त्यांच्याकडे, आणि योजनेतून त्यांना यायच्या बाकी फीतले १,५०० डॉलर कमी. मसुदा आमच्या वकीलबाईंनी वाचला, ट्रस्टीला कळवलं, कोर्टाचा आदेश झाला. सतराव्या महिन्यात केस आमच्याकडे आली. बारकडे तक्रार काकूंनी केली नाही. चार पानांचं ते पत्र अजून त्यांच्या फाइलमध्ये आहे.

ते २,३०० डॉलरचं बिल शेवटी माफ होईल की नाही, हे केस संपताना ठरेल. काकूंना तसं स्पष्ट सांगितलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

काकूंनी अकराव्या महिन्यातला तिसरा फोन करण्याऐवजी पगारपावत्या जोडून एक लेखी विनंती टपालाने पाठवली असती, तर ती त्या बंद मेलबॉक्समध्ये गेली नसती. डॉकेट महिन्यातून एकदा पाहिलं असतं, तर आपल्या विनंतीवर काहीच दाखल झालेलं नाही हे त्यांना बाराव्या महिन्यातच दिसलं असतं. पण मी त्यांना फारसा दोष देत नाही. लिलावाला चार दिवस उरलेल्या माणसाने चौदा पानी करार शांतपणे वाचावा ही अपेक्षा मी तरी धरू शकत नाही. योजना मंजूर झाल्यावर, धास्ती ओसरल्यावर, तोच करार पुन्हा पुढे ठेवून “इथून पुढचं काम वेगळ्या फीचं” एवढं सांगायला वकिलाला दहा मिनिटं लागली असती. कर्मचारी जाताना तिची मेलबॉक्स दुसऱ्याकडे वळवायला त्याहून कमी.

आमचीही चूक झाली. पहिल्या बैठकीत मी वहीत इतकी गुंतले की कर्जांची यादी ताडून पाहायला दोन महिने गेले. ती पहिल्या आठवड्यात पाहायला हवी होती. योजनेतला बदल आणि यादीतली दुरुस्ती एकाच वेळी करता आली असती. आता दुसऱ्या वकिलाकडून आलेल्या प्रत्येक केसमध्ये मी आधी तो फॉर्म आणि यादी शेजारी ठेवते, मग तक्रार ऐकते. योजना मंजूर झाली की अशिलाला एक पानी पत्र जातं: हप्ता किती, उत्पन्न बदललं तर काय पाठवायचं, कुठल्या पत्त्यावर, किती दिवसांत उत्तर येईल, आणि कर्जमाफी मिळण्याआधी करावा लागणारा, पैशांच्या नियोजनाचा दुसरा कोर्स कधी करायचा. तो कोर्स राहिला तर साठही हप्ते भरून केस कर्जमाफीशिवाय बंद होऊ शकते.

काकूंनी तो कोर्स परवाच पूर्ण केला, मुदतीच्या कितीतरी आधी. प्रमाणपत्र दाखल झालं की नाही हे त्यांनी स्वतः डॉकेटवर पाहिलं आणि मग मला फोन केला.